उभं राहायला मी एस.टी.त शिकलो
(वाचकांचे प्रश्न, योगशिक्षकाची उत्तरं)

मागच्या अंकात ‘कंडक्टर झाला योगशिक्षक’ अशा मथळ्याखाली माझी अर्ध्या पानाची ओळख छापून आली. त्यावर आलेली पत्रं संपादकांनी एका पिशवीत घालून वाईला पाठवली. दोन पत्रांत लोकांनी थांबत नसलेल्या गाड्यांची तक्रार केली आहे. मी २०२१ साली निवृत्त झालो, त्यामुळे त्याबाबत मला माफ करावं. बाकीच्यांतली काही घेतो.

एस.टी.त इतकी वर्षं काढून योगाकडे कसे वळलात? गुरू भेटले की आतूनच ओढ होती?
*एक वाचक, कराड*

ओढ कसली, कंबर धरली होती.

१९८६ साली मी वाई डेपोत लागलो. तेव्हा तिकिटाचं मशिन नव्हतं. डाव्या हातावर तिकिटांचा ट्रे, खांद्याला पैशांची बॅग आणि उजव्या हातात पंच. धरायला हात मोकळा राहतो कुठे? मग कंडक्टर काय करतो, तर सीटच्या दांड्याला कंबर टेकवतो, एक पाय पुढे रोवतो आणि गाडी वळेल तसा झुलतो. कायम त्याच बाजूला, त्याच पायावर. वाई ते पाचगणीमधला पसरणीचा घाट दिवसातून चार वेळा, असं बारा वर्षं चाललं.

१९९८ च्या पावसाळ्यात मुक्कामी गाडीवर होतो. धोम धरणाच्या वरच्या अंगाला, खोऱ्याच्या पार टोकाशी एक गाव आहे. रात्री गाडी तिथं थांबायची, ड्रायव्हर आणि मी सीटवरच झोपायचो आणि पहाटेची पहिली फेरी घेऊन खाली यायचो. त्या पहाटे मला उठताच येईना. ड्रायव्हरनं काखेत हात घालून खाली उतरवलं आणि म्हणाला, “मास्तर, तुमचा पाटा तुटला.” (पाटा म्हणजे गाडीची लोखंडी स्प्रिंग. एस.टी.त कंडक्टरला मास्तर म्हणतात. खरा मास्तर मी नंतर झालो.)

डॉक्टर म्हणाले, मणक्यातली गादी सरकली आहे. तीन आठवडे झोपून राहा, नंतर वाकू नका आणि एका जागी फार वेळ उभे राहू नका. कंडक्टरला हे सांगणं म्हणजे कोळ्याला पाण्यात जाऊ नको म्हणण्यासारखं. झोपून बरं वाटलं, पण ड्युटीवर गेलो की आठवड्यात पुन्हा तेच.

आमच्या आळीत चित्रकलेचे एक निवृत्त शिक्षक पहाटे साडेपाचला योगाचा वर्ग घ्यायचे. बायकोनं अक्षरशः ढकलून पाठवलं. मला वाटलं होतं, आता हे पाय डोक्यामागे घालायला लावतील. गुरुजी म्हणाले, “चपला काढा आणि उभे राहा.” उभा राहिलो. ते माझ्या मागं जमिनीवर उकिडवे बसले आणि बराच वेळ माझ्या टाचांकडे बघत राहिले. मला लाज वाटली, टाचा भेगाळलेल्या होत्या. मग म्हणाले, “उजवी टाच जमिनीवर आहे असं तुम्हाला वाटतंय. ती नाहीये.” आणि त्यांनी माझ्या उजव्या टाचेखालून पोस्टकार्ड आरपार सरकवून दाखवलं.

आठ दिवस मी फक्त उभा राहिलो. नवव्या दिवशी त्यांनी घरचा अभ्यास दिला. तिकिटं फाडून झाली की पाचगणी येईपर्यंत मधल्या जागेत उभं राहायचं, कशालाही न टेकता, दोन्ही टाचांवर सारखा भार ठेवून, गुडघे ताठ न करता. (प्रवाशांनी हे करू नये. मला तेवढ्याचा पगार होता.) पहिल्या दिवशी तीन वेळा लोकांच्या मांडीवर बसलो. महिन्याभरानं कळायला लागलं की वळण यायच्या आधी पायाच्या अंगठ्याला समजतं. भार टाचेतून पुढं सरकतो, पोटरी आवळते, मग ओटीपोट आत जातं आणि त्यानंतर गाडी वळते. ताडासन मी असा शिकलो. पुस्तकात त्याला चार ओळी असतात.

कंबर सहा महिन्यांत कामापुरती सुधारली. पूर्ण बरी ती आजही नाही.

तुमचा पहिला वर्ग कुठे भरला?
*एक वाचक भगिनी, फलटण*

त्याच मुक्कामाच्या गावी, मारुतीच्या देवळापुढच्या पारावर. पहाटे मी एकटाच तिथं हातपाय हलवायचो. दोन म्हातारे तंबाखू मळत बघत बसायचे. आठवडाभरानं त्यांतला एक म्हणाला, “कंडक्टर, हे गुडघ्याला चालतंय का?” मग तो आला, त्याची सून आली, शाळेला जाणारी चार पोरं आली. गाडी सव्वासहाला निघायची, म्हणून वर्ग सहा वाजता संपायचा. वेळ पाळण्याची सवय तिथली. आजही माझ्या वर्गात पाच मिनिटं उशिरा आलेल्याला मी आत घेतो, पण त्याच्याकडे बघत नाही.

रीतसर शिक्षण नंतर झालं. रजा साठवून, काही बिनपगारी घेऊन २००४ साली लोणावळ्याला कैवल्यधाममध्ये सर्टिफिकेट कोर्स केला. चाळिशी उलटलेली, शिक्षण बारावी. शरीरशास्त्राची नावं पाठ होईनात म्हणून मी हाडांना आमच्या रूटवरच्या थांब्यांची नावं दिली होती. त्रिकास्थी, म्हणजे कण्याच्या तळाचं हाड, ती वाई, तिथून वर चढत महाबळेश्वर म्हणजे कवटी.

तिथं एक गोष्ट मनात रुतली. ही संस्था स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली काढली. माणूस संन्याशासारखा राहणारा, पण ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवायला तयार नाही. नौली करताना, म्हणजे पोट आत ओढून त्याचे स्नायू फिरवताना, पोटात काय होतं म्हणतात? मग मोजून बघू. त्यांनी नळी आणि दाबमापक लावून मोठ्या आतड्यातला दाब मोजला आणि तो बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो हे दाखवलं. आपल्या गुरूंच्या नावावरून त्या पोकळीला ‘माधवदास व्हॅक्यूम’ असं नाव दिलं. गुरूवर श्रद्धा आहे आणि हातात दाबमापकही आहे! हे वाचलं तेव्हा मला आमच्या गुरुजींचं पोस्टकार्ड आठवलं.

मी आयटीत आहे. शनिवार-रविवार करून २०० तासांचा टीचर ट्रेनिंग कोर्स पूर्ण केला. आता मी योगशिक्षिका झाले का? शिकवायला सुरुवात करू का?
*एक वाचक भगिनी, पुणे*

२०० तासांचं हे माप अमेरिकेतल्या योगा अलायन्सच्या नोंदणीमुळे जगभर रूढ झालं. आपल्याकडे आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाच्या वेगळ्या पायऱ्या आहेत. त्यांत वाईट काही नाही. पण ताई, लायसन्स हातात पडलं त्याच दिवशी कोणी पसरणीच्या घाटात पन्नास माणसं घेऊन चढत नाही.

सुरुवात जरूर करा, पण एका माणसापासून. तो तरुण नको, लवचिक तर मुळीच नको. तुमच्या सोसायटीत साठीची, गुडघे दुखणारी एखादी काकू असेलच. तिला सहा महिने शिकवा. तरुण विद्यार्थी तुम्ही सांगाल ते करून दाखवतो, त्यामुळे तुम्ही चुकीचं सांगितलंत हे तुम्हाला कळतच नाही. काकू करू शकणार नाही. मग तुम्हाला विचार करावा लागेल की का नाही जमत, आणि तेच कुठल्या कोर्सला शिकवत नाहीत.

आणखी एक. वर्ग सुरू होण्याआधी दाराबाहेरच्या चपला बघायची सवय लावा. मी रोज बघतो. टाच बाहेरच्या कडेनं झिजलीय, की आतून? एकच चप्पल जास्त घासलीय? अंगठ्याचा ठसा खोल आणि टाचेचा पुसट, तर माणूस पुढं झुकून चालतो, मान पुढं आलेली असणार. माणूस “माझं काही दुखत नाही” म्हणेल, चप्पल तसं म्हणत नाही. फक्त कोणाची चप्पल हातात घेऊन बघू नका, मी एकदा घेतली आणि त्या बाईंना वाटलं मी चोरतोय.

आमच्या इथले सर पाठीवर हात दाबून, प्रसंगी बसून आसन ‘पूर्ण’ करून घेतात. तुमच्याकडे शिकलेल्या एका नातेवाइकांनी सांगितलं की तुम्ही हातही लावत नाही. मग प्रगती कशी होणार?
*एक वाचक, बारामती*

या प्रश्नाचं उत्तर द्यायचं मी दोन दिवस टाळलं.

मीही दाबायचो. शिकवायला लागून दोन वर्षं झाली होती, वर्ग भरलेला असायचा, आणि लोक म्हणायचे, “मास्तरांचा हात लागला की कपाळ गुडघ्याला टेकतंच.” मला ते ऐकायला आवडायचं. वर्गात एक निवृत्त शिक्षिका होत्या, वय अठ्ठावन्न-साठ, अंगानं बारीक. रोज वेळेवर यायच्या, शांतपणे करायच्या. पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून बसून पुढं वाकायच्या आसनात, त्यांचं कपाळ गुडघ्यापासून चार बोटं वर राहायचं. एक दिवस मी मागं गेलो, पाठीवर दोन्ही तळवे ठेवले आणि म्हणालो, “बाई, अजून थोडं.” त्या श्वास सोडत होत्या. मी भार दिला. माझ्या तळव्याखाली काहीतरी अगदी बारीक सरकल्यासारखं झालं, वाळकी काटकी मोडावी तसं. त्या काहीच बोलल्या नाहीत. सावकाश वर आल्या, सतरंजी घडी केली, “येते” म्हणाल्या आणि गेल्या.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाचा फोन आला. मणका दबून मोडला होता. हाडं ठिसूळ झालेली होती, ते त्यांनाही माहीत नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. पाळी जाऊन किती वर्षं झाली, आधी कधी हाड मोडलंय का, उंची कमी झालीय का, हे प्रश्न मला विचारायचे असतात हेच सुचलं नव्हतं. ठिसूळ हाडाच्या माणसानं पाठ गोल करून पुढं वाकलं की मणक्याच्या पुढच्या बाजूवर सगळा दाब येतो. त्यावर मी माझं बहात्तर किलो ठेवलं.

त्यांच्या घरी गेलो. पट्टा लावून पडून होत्या. मुलगा रागात होता आणि तो बरोबर होता. बाई म्हणाल्या, “चहा घ्या.” मला तो चहा अजून गिळता आलेला नाही.

वर्ग बंद करून टाकावा असं मनात होतं. पाच महिन्यांनी त्याच बाई पहाटे दारात उभ्या. मागच्या ओळीत खुर्ची टाकून घेतली आणि म्हणाल्या, “मास्तर, आता तोंडानं सांगायचं. हात लावायचा नाही.” तेव्हापासून तोंडानं सांगतो. आधी जमेना. “पाठ सरळ करा” म्हटलं की लोक छाती फुगवतात. मग शोधत गेलो. आता म्हणतो, “मागच्या भिंतीला डोक्याच्या मागचा भाग दाखवा.” “टाचेनं जमीन ढकला.” “बनियनची पुढची आणि मागची शिवण सारखी लांब ठेवा.” एकेक वाक्य सापडायला कधी कधी वर्ष लागलं. जिथं वाक्य पुरत नाही तिथं भिंत, वीट, पट्टा. अगदीच हात लावायचा तर आधी विचारतो, आणि लावला तरी दिशा दाखवण्यापुरता, जोर नाही.

तुम्ही प्रगती विचारलीत. पश्चिमोत्तानासनात कपाळ गुडघ्याला टेकणं हे मी आता मोजत नाही. त्या बाई आज पंचाहत्तरीच्या पुढं आहेत, नदीच्या घाटाच्या पायऱ्या कठडा न धरता उतरतात, आणि नदीवर अजून रोज जातात. तुमच्या सरांना हे कात्रण दाखवा किंवा दाखवू नका, पण ते पाठीवर बसत असतील तर तुम्ही तरी तिथून उठा.

वय ६४. मांडी घालता येत नाही. खुर्चीवर बसून प्राणायाम केला तर फळ मिळतं का? आमच्या ग्रुपमधल्या बायका म्हणतात, खुर्चीवरचा योग हा योगच नव्हे.
*एक आजी, डोंबिवली*

पतंजलींनी आसनाची व्याख्या तीन शब्दांत केली, स्थिर, सुख, आसन. त्यात मांडी नाही. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी तर खुर्ची, दोर, विटा, लोड, घोंगड्या यांचं शास्त्रच केलं. जगभरातले लोक पाठ काढलेल्या लोखंडी खुर्च्या घेऊन आसनं करतात ती त्यांचीच देणगी. तुमच्या ग्रुपला हे सांगा.

मात्र खुर्ची कुठली ते महत्त्वाचं. प्लॅस्टिकची नको, तिची बैठक मागं उतरती असते आणि त्यात माणूस लोळतो. जेवणाच्या टेबलाची लाकडी घ्या. बैठकीच्या मागच्या अर्ध्या भागावर चादरीची घडी ठेवा, म्हणजे ओटीपोट पुढं झुकेल. पाय अधांतरी राहत असतील तर खाली वीट किंवा पाट. टेकून बसू नका.

आणि मांडीसाठी गुडघ्यावर हात ठेवून दाबू नका. मांडी गुडघ्यानं नाही, खुब्यानं घातली जाते. मांडीचं हाड खुब्यात बाहेर वळलं नाही तर तो पीळ गुडघ्यावर येतो, आणि गुडघा बिचारा मुख्यतः दाराच्या बिजागरीसारखा, उघड-मीट करणारा. दाराला पिळलं तर काय होईल?

रक्तदाब आहे. मोबाइलवर बघून रोज ५०० कपालभाती करतो. गोळी बंद करू का?
*एक वाचक, नांदेड*

गोळी बंद करू नका. कपालभाती बंद करा, निदान डॉक्टरांना विचारेपर्यंत. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात कपालभाती ही सहा शुद्धिक्रियांमधली आहे, तिथं तिला प्राणायाम म्हटलेलंच नाही. आणि प्राणायामाबद्दल तोच ग्रंथ म्हणतो की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश करतात तसा वायू वश करावा, नाहीतर तो साधकालाच मारतो. वाघाला कोणी दिवसाला पाचशे वेळा हिसडे देत नाही.

रथसप्तमीला १०८ सूर्यनमस्कार घालायचा संकल्प आहे. वय ४१, सध्या व्यायाम नाही.
*एक वाचक, सांगली*

सूर्यनमस्कार हा आमच्या सातारा जिल्ह्याचा जिव्हाळ्याचा विषय. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज घालायचे आणि संस्थानातल्या शाळांमधून मुलांना घालायला लावायचे. पण त्यांचा भर ‘रोज’ या शब्दावर होता. तुम्ही आजपासून सहा घाला. रथसप्तमीपर्यंत चोवीसवर याल. १०८ घातलेत तर फोटो चांगला येईल, दुसऱ्या दिवशी मनगटं आणि कंबर मला पत्र लिहितील.

विद्या विकायची नसते. तुम्ही पैसे का घेता?
*एक वाचक (गावाचं नाव नाही)*

नागपूरला जनार्दनस्वामींच्या मंडळाचे वर्ग वर्षानुवर्षं विनामूल्य चालतात, त्यांच्यापुढं मी हात जोडतो. माझ्यामागं मंडळ नाही. वर्ग भरतो त्या ओसरीचं भाडं आहे, आणि एस.टी.ची पेन्शन किती मिळते ते तुम्हाला माहीत नसावं. महिन्याला चारशे रुपये घेतो. पारावर घेत नव्हतो. तिथं मला भाकरी मिळायची.

मी ड्रायव्हर आहे, एस.टी.तच. सोळा वर्षं झाली, कंबर आणि मान दोन्ही गेलं. ड्युटीत वेळ कधी काढायचा ते सांगा. क्लासबिस जमणार नाही.
*एक ड्रायव्हर, माण तालुका*

दादा, तुमचं पत्र सगळ्यात आधी वाचलं.

स्टँडवर गाडी लावली की कंट्रोलरकडे नोंद करायला कंडक्टर जातो. ती पाच मिनिटं तुमची. केबिनमधून उडी मारून उतरू नका, तोंड गाडीकडं करून एकेक पाय टाकत उतरा. मग गाडीच्या मागं जा, वर टपावर चढायची शिडी असेल तर तिची छातीच्या उंचीची पायरी दोन्ही हातांनी धरा. नसेल तर खिडकीची कड चालेल. दोन पावलं मागं सरका आणि बूड मागं ढकलत वाका, पाठ सपाट होईपर्यंत. गुडघे हवे तर थोडे वाकवा. मान सोडू नका, कान दंडाच्या रेषेत ठेवा. कळ पायात उतरली तर थांबा, ते माझं काम नाही, डॉक्टरांचं. नुसतं ताणल्यासारखं वाटलं तर दहा श्वास राहा. नंतर सरळ उभे राहा आणि दोन्ही टाचा जमिनीला लागल्यात का बघा. क्लचच्या पायाची बहुतेक लागत नाही.

हे दिवसातून चार स्टँडवर करा. लोक हसतील, दुसऱ्या आठवड्यात विचारायला येतील. आणि बूट काढूनच करा. मोजे फाटके असले तरी चालतात, माझे कायम फाटकेच असायचे.